हात लावील त्याचा वाटा

शेवंतीनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे समुद्रकाठच्या पुळणीवर सुकत घातलेली सुंगटं, कोळंबी हो, उचलली. थंडीचे दिवस. सूर्य पाण्याला टेकला की दव पडायला लागतं, आणि दव बसलं की दिवसभराचं ऊन फुकट. चटईची दोन टोकं तिनं धरली, दोन मी. अर्ध्या वाटेवर माझ्या हातातलं एक टोक सुटलं आणि चांगली पाटीभर सुंगटं वाळूत गेली.

"ह्या माणसाक रापणीत कोणी घेतल्यान?" ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे, तिथं आम्ही दोघंच होतो. मग दोघं वाकून वेचत बसलो. ती फुंकर मारून वाळू उडवायची, मी नुसताच वेचायचो, त्याबद्दलही बोलणी खाल्ली. दिसेनासं झालं तेव्हा म्हणाली, "चला आता, रवलेली कावळ्यांका." घरी येऊन तिनं चहा केला. मला साखर बंद होती, म्हणून माझ्या वाटणीची साखर ती आपल्या कपात घालायची. तशी घातली, प्याली, आणि झोपली. सकाळी उठली नाही. एवढंच.

पुढं दिवस-कार्य झाल्यावर देवळाच्या मांडावर शोकसभा झाली. बाहेरून माणसं आली होती. कोण म्हणालं रणरागिणी, कोण म्हणालं भांडवलदारांना धूळ चारणारी वाघीण. मी उठून बाहेर विडी ओढायला गेलो. वाघीण कसली? देवबागची पोर ती. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, असल्या गावात जन्मलेली, आणि घोट्याच्या वर पाणी चढू द्यायची नाही. आमचं लग्न झाल्यावर मी विचारलं होतं, तर म्हणाली, "दोनी बाजून पाणी बघून बघून पुरे झाला माका." कुत्र्यालाही घाबरायची. नणंदेशी तिचं भांडण बारा महिने. मिश्री लावायची आणि मिश्री लावताना कोणी बोललेलं तिला खपत नसे. असल्या बाईनं हॉटेलवाली कंपनी गावातून घालवली. ते कसं, हे सभेत कोणी नीट सांगितलं नाही म्हणून मी लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आधी रापण सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रापण म्हणजे मोठं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात गोल फिरवून सोडते, त्याचे दोन दोर दोन बाजूंनी किनाऱ्यावर येतात, आणि सगळी वाडी ते दोर ओढून जाळं पुळणीवर आणते. दोन-चार जणांचं काम नाही. म्हणून आमच्यात रीत अशी, की दोराला जो हात लावील त्याला वाटा. म्हातारा असो, विधवा असो, वाटेनं जाणारा परका असो. मासळीचे ढीग घालतात, जेवढे हात तेवढे ढीग. हात कोणाचा, ते बघायचं नाही.

ओढायला बायकाही लागतात, पण विकायचं काम सगळं बायकांचंच. शेवंती कसालला जायची. समुद्रापासून आत, हमरस्त्यावरचा बाजार. एस्टीत पाटी घेऊन चढायची तेव्हा कंडक्टरशी रोजचं भांडण.

"ओ मावशी, मासळी टपावर."

"टपावर तुझी आवस बसतली?"

"वास येता गो, लोक तक्रार करतत."

"लोक जेवताना करतत तक्रार? तेव्हा बरो लागता वास."

शेवटी ती पाटी ड्रायव्हरच्या मागं बसायची, आणि शेवंती तिच्यावर हात ठेवून, मांडीवर पोर घेतल्यासारखी. पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा सुकी मासळी घेऊन जायची आणि पैशांऐवजी तांदूळ, आमसुलं, काजूगर घेऊन यायची. कसालच्या आसपासच्या वाड्यांतल्या शेतकरी बायका तिला ओळखायच्या. ती त्यांना 'वरच्यो बायो' म्हणायची. त्यांच्या घरची लग्नं, बाळंतपणं, म्हशी, सगळं तिला ठाऊक. घरी येऊन मला सांगायची. मी ऐकायचो की नाही, ते तिनं कधी बघितलं नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागे कंपनी आली. पुळणीच्या वरची माडाची जागा मुंबईला राहणाऱ्या मालकानं विकली होती, हे आम्हाला कंपनीची पाटी लागली तेव्हा कळलं. मोठं हॉटेल होणार होतं. तेवढ्यावर भागत नव्हतं. खालची पुळण सरकारची. ती रिकामी पडून आहे, तेव्हा भाड्यानं आम्हाला द्या, असा कंपनीनं अर्ज केला होता. पुळण गेली तर रापण कुठं ओढणार, आणि मासे कुठं सुकवणार? पण हे लगेच कोणाच्या डोक्यात आलं नाही. कंपनीचा माणूस गोड होता. पोरांना नोकऱ्या म्हणाला, रस्ता म्हणाला, देवळाला रंग म्हणाला.

त्यानं गावातली माणसं बस करून गोव्याला नेली. तसंच हॉटेल तिकडं होतं, ते दाखवायला. आम्ही दोघंही गेलो. खरं ते सांगतो, मला तिथला संडास आवडला. इतका पांढरा, की बसायला लाज वाटावी. जेवण झालं, आईस्क्रीम झालं. परत येताना बसमध्ये सगळे हॉटेलच बोलत होते. शेवंती खिडकीला तोंड लावून गप्प. ती गप्प म्हणजे काहीतरी बिघडलं, हे मला कळायचं.

रापणीचा म्होरक्या, तांडेल बाळा, मागून म्हणाला, "काय गो शेवंते, तुका बरा नाय वाटला?"

"बरा आसा. तो म्हातारो बघितलंस?"

"कोण म्हातारो?"

"आमी जेवत होतो तेव्हा खाली पुळणीवर एक म्हातारो इलो. हातात फेकूचा जाळा. शिट्टी मारून हाकललो तेका वॉचमनान. जेवणारे पावणे बघतत म्हणून."

"मग?"

"मग काय? तो त्याच गावचो आसतलो. तुझ्याच वयाचो होतो, बाळा."

नंतर कोणीतरी पुन्हा आईस्क्रीमचा विषय काढला, पण पहिल्यासारखा रंगला नाही.

ती पुढारी बिढारी झाली नाही. सकाळी रापणीवर, मग कसाल, दुपारी सुकवण, हेच चालू होतं. फक्त जिथं जाईल तिथं त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायची. नळावर, देवळात, एस्टीत. मला वाटतं तो म्हातारा नंतर नंतर थोडा जास्त म्हातारा व्हायला लागला होता. एकदा तर तो लंगडा झाला. मी म्हणालो, "लंगडो खंय होतो गो?" तर म्हणाली, "तुमी संडासात होतास तेव्हा."

मग पुण्याहून संघटनेची एक मुलगी आली, स्नेहल नावाची. चांगली पोर. आमच्याच घरी राहायची, भात कमी खायची म्हणून शेवंतीची तिच्यावर नजर. तिनं ओट्यावर बायकांची सभा घेतली. जगभर हेच चाललंय म्हणाली. इकडं पुळण, तिकडं डोंगर, आणखी कुठं नदी. भांडवलशाही असा शब्द काढला. शेवंतीनं विचारलं, म्हणजे काय? स्नेहलनं सांगितलं, की काम करणारा एक आणि किती कोणाला ते ठरवणारा दुसरा, आणि ठरवणाऱ्याकडं फक्त पैसा असतो.

"म्हंजे दोराक हात न लावता वाटो," शेवंती म्हणाली.

"हो, तसंच," स्नेहल हसली.

शब्द शेवंतीला फार आवडला. शेजारच्या पारूचा एक लठ्ठ बोका होता, उन्हात पडून राहायचा आणि सुकत घातलेलं खायचा. दुसऱ्या दिवसापासून तो भांडवलशा झाला. "हट मेल्या भांडवलशा!" पुळणीवरून तिचा आवाज यायचा. पारू तिची कसालच्या बाजारातली शेजारीण आणि घराचीही शेजारीण, तिला राग आला. "माझ्या बोक्याक शिव्यो घालता," म्हणून महिनाभर एस्टीत शेजारी बसली नाही. कंपनीचा गोड माणूस एकदा वाडीतून जात होता, त्याच्याच पायाशी तो बोका, आणि शेवंती हातात काठी घेऊन ओरडत धावली. तो माणूस बिचारा जोरात चालायला लागला. त्यानंतर त्याला वाडीत फारसं कोणी बघितलं नाही.

आता खांबांचा दिवस.

भाड्याचा निकाल लागायच्या आधीच कंपनीनं कुंपण घालायचं ठरवलं. एकदा कुंपण पडलं की पुढं काय, बघून घेऊ, असा विचार असणार. सकाळी ट्रक आला, सिमेंटचे खांब आणि घाटापलीकडचे कानडी मजूर. मागून पोलिसांची जीप आली आणि देवळापाशी उभी राहिली. ती कशासाठी, ते लहान पोरालाही कळत होतं. कोणी एक दगड उचलला असता की निम्मी वाडी मालवणच्या कोठडीत, आणि मोकळ्या पुळणीवर खांब.

आमचं जाळं तेव्हा पाण्यात होतं. भरलेलं होतं, दोर हाताला सांगत होते. पण ट्रक दिसल्याबरोबर गडी दोर सोडून वर धावले. मी दक्षिणेच्या दोरावर होतो, आम्ही म्हातारे तेवढे उरलो. उत्तरेच्या दोरावर शेवंती आणि बायका. बाळा तांडेल मधे उभा राहून ओरडत होता, जाळं फाटणार म्हणून. वर गडी आणि ठेकेदार, शिव्या सुरू झालेल्या. ठेकेदार मग मोजणीवाल्याला आणायला मोटारसायकलवरून गेला आणि मजूर ट्रकच्या सावलीत बसले.

शेवंतीनं त्यांना हाक मारली. तिचं हिंदी म्हणजे काय विचारूच नका.

"ओ भाऊ! इकडे आव! हात देव! जाळा फाटता!"

त्यांना काही कळेना. तिनं एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं फाटल्याची खूण केली, मग पोटावर हात फिरवला. त्यांचा मुकादम होता, डोक्याला मुंडासं, पांढऱ्या मिशा. तो हसला. उठला, चपला काढल्या, आणि दोराला हात घातला. त्याच्यामागं सगळे आले. ज्वारीवर वाढलेली माणसं, समुद्र पहिल्यांदा बघणारी काही. पण ओढण्याची ताकद अशी, की दोर दोन्ही बाजूंनी सारखा यायला लागला.

वर आमच्या गड्यांनी बघितलं, की आपल्या जाळ्याला परके लागलेत आणि आपण शिव्या देतोय. एक उतरला, मग दुसरा, मग सगळेच. जीपमधल्या पोलिसांना धरायला कोणी उरलं नाही. एक हवालदार खाली पुळणीवर आला.

"बाई, आम्हाला वाटा मिळेल काय?"

"दोराक हात लाव, मगे इचार."

त्यानं जीपकडं बघितलं, जीपमधून साहेबानं त्याच्याकडं बघितलं. हात काही त्यानं लावला नाही. उपाशी गेला.

जाळं आलं. बांगडा होता. पुळण नुसती चांदीची झाली, असं बाळा तांडेल अजून सांगतो. ढीग घालायला बसले तेव्हा बाळाच हळू आवाजात म्हणाला, "ह्यांका थोडे थोडे देवया आणि मोकळे करूया. कंपनीचे आसत."

शेवंती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हात मोजतंस की माणूस बघतंस?"

"तसा नाय गो..."

"मगे घाल ढीग. पुरते घाल."

पुरते घातले. मजूर आपापल्या ढिगापुढं उभे, उचलेनात. मस्करी वाटली असावी. शेवंतीनं मुकादमाचा हात धरून ढिगावर ठेवला तेव्हा त्यांना पटलं. मग बायकांनी घरातून टोप आणले, तांदूळ आणला, ओल्या खोबऱ्याचं वाटप आणलं, आणि पुळणीवर तीन दगडांची चूल मांडून बांगड्याचं तिखलं, झणझणीत कालवण, झालं. मुकादम तिखल्यातलं तिरफळ चावून बसला आणि त्याची जीभ बधिर झाली, त्यावर सगळे हसले, तोही हसला.

ठेकेदार मोजणीवाल्याला घेऊन आला तेव्हा हे सगळे हात चाटत होते. तो म्हणाला, चला, खड्डे मारा. मुकादमानं हात धुतले, मिशी पुसली, आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "आज नाही."

"का नाही?"

"आज इथं जेवलो."

"मग उद्या?"

मुकादमानं मजुरांकडं बघितलं. "उद्या पण जेवलेलेच असणार की."

ठेकेदारानं केलेला आरडाओरडा इथं लिहीत नाही. खांब ट्रकमधून उतरलेच नाहीत. काही दिवसांनी त्यानं दुसरे मजूर आणले. ते उतरले आणि पहिली गोष्ट विचारली, रापण किती वाजता ओढतात? शेवंती इतकी हसली, की तिला दोर सोडून वाळूत बसावं लागलं.

दोर ओढणाऱ्या मजुरांचा फोटो स्नेहलनं काढला होता, तो पेपरात आला. त्यावरून बोलाबोली झाली आणि जिल्ह्याचा एक मोठा अधिकारी पुळण खरंच रिकामी आहे की काय, ते स्वतः बघायला येणार, असं ठरलं. वैशाखाचे दिवस. मासळी तशी कमी. स्नेहल चिंतेत. शेवंती कसालला जाऊन आली आणि मिश्री लावायला बसली.

अधिकारी आला त्या सकाळच्या एस्टीनं वरच्यो बायो उतरल्या. एक गाडी, मग दुसरी. डोक्यावर चटया, टोपल्या, सुपं. शेवंतीनं त्यांना एवढंच सांगितलं होतं, की पुळणीवर येऊन सुकत घाला. मासे म्हणायला ती विसरली, की त्यांना तसं वाटलं, देव जाणे. त्यांनी आपापल्या घरात त्या वेळी जे सुकत होतं ते आणलं. आमसुलं, कुळीथ, फणसाची साटं म्हणजे फणसपोळ्या, उकडून काढलेलं भात, एकीनं तर मिरच्या. आमच्या बायकांनी जेवढी होती तेवढी सुकी मासळी काढली होती. सगळ्या पुळणीवर पाय ठेवायला जागा नाही. मासळीच्या बाजूला आमसुलं, असं दृश्य मी कधी बघितलं नव्हतं आणि पुन्हा बघणार नाही.

अधिकाऱ्यानं बूट काढून हातात घेतले. कुठून जायचं, ते कळेना. शेवटी शेवंतीनं चटया सरकवून त्याला वाट करून दिली.

"समुद्रावर आमसुलं?" तो म्हणाला.

"पावण्यांची आसत, साहेब," ती म्हणाली. मग ऑफिसातली भाषा आठवली म्हणून म्हणाली, "पाहुण्यांची आहेत."

"आणि पाहुणे इथं सुकवतात?"

"आज पहिल्यांदाच आणली त्यांनी. आमची मासळी रोजची आहे. ही पुळण रिकामी नाही म्हणून कळवलं तर कशाला आल्या मेल्या एवढं सगळं घेऊन."

तो हसला. खूप हसला. चहा घेतला, बाळाशी बोलला, जाळं बघितलं. जाताना त्यानं तिखट साट मागितलं, तसं काही नसतं म्हणून शेवंतीनं त्याला मिरच्यांजवळचं एक साट दिलं.

पुळण कंपनीला मिळाली नाही. पुळणीशिवाय हॉटेलात त्यांना रस नव्हता. वर्षभरानं ते गेले ते गेलेच. त्यांची मोठी लोखंडी पाटी राहिली होती, ती बाळानं कोंबड्यांच्या खुराड्यावर घातली. मंत्र्याच्या हातून शेवंतीचा सत्कार करायचं कोणीतरी ठरवलं. ती गेली नाही. त्या दिवशी कसालचा बाजार होता. शाल घरपोच आली, ती तिनं पारूला दिली, बोक्याचं भांडण मिटवायला. पारू शाल घेऊन म्हणाली, "आता तरी तेका नावानं हाक मार." शेवंती म्हणाली, "नाव काय तेचा?" नाव नव्हतंच. त्यामुळं मरेपर्यंत तो भांडवलशाच राहिला.

नंतरची सगळी वर्षं ती होती तशीच होती. पुळणीवर तरुण पोरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, होड्या फिरवायला लागले. शहरातली माणसं सकाळी येऊन रापण बघायची. ती त्यांना उभं राहू द्यायची नाही. "बघतास काय, ओढा," म्हणायची, आणि वाट्याचे बांगडे त्यांच्या गाडीत टाकायला लावायची. गाड्यांना वास यायचा म्हणे.

तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पुळणीवर गेलो. घरात बसून काय करणार? बाळा तांडेलाला पाण्यावर बांगडा दिसला होता. त्यानं जाळं सोडलंही होतं, पण ओढायला हात नव्हते. आमची भावकी म्हणजे अर्धी वाडी, आणि अर्धी वाडी सुतकात. सुतकातल्यानं दोराला शिवायचं नाही, हे आमच्या आजाच्या आजापासून. सगळे माडाखाली उभे होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

मी दोर उचलला.

"आबा, सुतक आसा," बाळा म्हणाला.

"आसा ना. बांगड्याक जावन सांग."

थोड्या वेळानं माझ्यामागं दोर हलका झाला. वळून बघितलं नाही, पण भावकी आली होती. कंपनी परवडली, पण भटजी काय म्हणेल, असं कोणीतरी म्हणालं आणि कोणीतरी हसलं. जाळं आलं. ढीग घातले. माझा ढीग मी पाटीत भरला, पाटी डोक्यावर घेतली आणि एस्टीला उभा राहिलो.

आमच्यात पुरुष बाजारात मासळी विकायला बसत नाहीत. कसालला पारूनं सरकून जागा दिली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं, डोळे पुसायला असावं. भाव मला माहीत नव्हता, तो तिनंच ओरडून सांगितला. गिऱ्हाइकं येत होती, थांबत होती, माझ्याकडं बघून काय समजायचं ते समजत होती. वरच्यो बायोंतली एक, तेव्हा साटं आणलेली, पाटीपुढं मांडी घालून बसली. मग पदरानं तोंड पुसून बांगडे निवडायला लागली.

"वायच वर घाला ओ," म्हणाली. "शेवंती घाली माका."

खोटं बोलत होती. शेवंतीनं जन्मात कोणाला एक बांगडा फुकट वर घातला नाही.

मी दोन घातले.